'करंट' : एका धावत्या शब्दाची कुळकथा

१९९४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा आठवीत होतो. जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने १९८०च्या दशकात मुंबई उपनगरात लहान लहान भूखंडांच्या ज्या वसाहती उभ्या केल्या, त्यांपैकी कांदिवलीच्या पश्चिमेकडील चारकोप ही एक. तिथल्या एका सेक्टरमध्ये आमचे बैठे घर होते. एके संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा फुटला. काच गळून पडली आणि पितळी टोपी तेवढी होल्डरमध्ये अडकून राहिली. मी स्टुलावर चढलो. बटण बंद असल्याची खात्री आधीच करून घेतली होती. बोट आत घातले मात्र, हाताला असा काही हिसका बसला की मी स्टुलासह खाली आलो. दैव बलवत्तर म्हणून कोपर खरचटण्यावर निभावले.

"अरे, बटण बंद केलं नव्हतंस का?" बाबांनी विचारले.

"केलं होतं. तुम्हीच बघा ना! बटण बंद, म्हणजे तारेत करंट नाही. मग हा करंट आला कुठून?"

बाबांनी बटण पाहिले. ते खरोखरच बंद होते. दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने टेस्टर लावून पाहिला आणि एका वाक्यात निकाल दिला : "काका, बटण न्यूट्रलवर बसवलंय."

त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी नीट उमगला. आज मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. 'बटण बंद, म्हणजे करंट नाही, म्हणजे धोका नाही' हे त्या वेळचे माझे तर्कशास्त्र दरवर्षी कुठल्या ना कुठल्या विद्यार्थ्याच्या तोंडून पुन्हा ऐकतो. चूक नेमकी कुठे आहे, हे समजून घ्यायचे तर 'करंट' या शब्दाचीच थोडी चौकशी केली पाहिजे. हा शब्द आपल्या घरात इतका रुळला आहे की तो परका आहे हेही आपल्या ध्यानात येत नाही. चला तर, आधी त्याचे कूळ आणि मूळ शोधू.

धावणाऱ्यांचे कुटुंब

लॅटिन भाषेत 'कुरेरे' असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ 'धावणे'. लॅटिनपासून फ्रेंच भाषा घडली, तेव्हा त्यापासून 'धावणारा' या अर्थाचे 'कोरां' असे विशेषण तयार झाले. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथे फ्रेंच शब्दांचा जो ओघ सुरू झाला, त्यातून हा शब्दही इंग्रजीत आला आणि 'करंट' झाला. तेव्हा विजेशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. करंट म्हणजे धावता, वाहता. नदीचे किंवा समुद्राचे वाहते पाणी हा त्याचा पुढचा अर्थ. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ज्यांना 'सागरी प्रवाह' म्हटले आहे, ते इंग्रजीत करंटच.

या 'कुरेरे'चा गोतावळा मोठा आहे आणि त्यातली बरीच मंडळी तुमच्या ओळखीची आहेत. पत्रे घेऊन धावतो तो 'कुरिअर'. संगणकाच्या पडद्यावर इकडून तिकडे पळतो तो 'कर्सर'. ज्यावरून धावायचे तो 'कोर्स', मग तो महालक्ष्मीचा रेसकोर्स असो की कॉलेजातला तीन वर्षांचा कोर्स. तुमच्या अभ्यासक्रमाला इंग्रजीत 'करिक्युलम' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ धाव, शर्यत असा होता. (परीक्षेच्या दिवसांत हा अर्थ अगदी पटतो!) शाळेची सहल म्हणजे 'एक्स्कर्शन', बाहेर धावणे. बँकेतली 'रिकरिंग' ठेव आणि गणितातला 'रिकरिंग', म्हणजेच आवर्ती, दशांश अपूर्णांक हे दोघेही पुन्हा पुन्हा धावत परत येणारे. हात न उचलता भराभर लिहिलेले अक्षर ते 'कर्सिव्ह', म्हणजे धावते अक्षर. आपल्या मोडी लिपीलाही हे विशेषण शोभले असते.

आता मराठीकडे पाहा. इंग्रजीत 'करंट' शब्दाला 'आत्ताचा, सध्याचा' असाही अर्थ आहे : करंट अफेअर्स, करंट अकाउंट. त्यांना आपण काय म्हणतो? चालू घडामोडी, चालू खाते. 'चालू' हा शब्द 'चालणे' या क्रियापदापासून आला. जे चालते आहे ते सध्याचे. जे धावते आहे तेही सध्याचेच. इंग्रजीत 'करंट'पासून 'करन्सी' झाली, म्हणजे हातोहात धावणारा पैसा. मराठीत 'चल्' धातूपासून 'चलन' झाले. खोटे नाणे बाजारात 'चालत नाही' असे आपण म्हणतोच. दोन वेगळ्या भाषांनी गतीच्या कल्पनेपासून निघून 'वर्तमानकाळ' आणि 'पैसा' या एकाच मुक्कामी पोहोचावे, ही मोठी मौज आहे. फरक एवढाच की इंग्रजीतला शब्द धावतो, आपला चालतो.

दिसते तसे नसते

इथे एक सावधगिरीची सूचना. शब्दांचे नाते केवळ आवाजाच्या सारखेपणावरून जुळवता येत नाही. मराठीत 'करंटा' म्हणजे दुर्दैवी. त्याचा विजेच्या करंटशी काही संबंध नाही, मग झटका बसलेला माणूस कितीही करंटा ठरो. केकमध्ये घालतात त्या बारीक काळ्या मनुकांनाही इंग्रजीत करंटच म्हणतात. उच्चार तोच, पण हा शब्द 'कुरेरे'पासून आलेला नाही. ग्रीसमधल्या कॉरिंथ शहराच्या नावावरून फ्रेंच लोक त्यांना 'कॉरिंथचे मनुके' म्हणत, त्याचा तो अपभ्रंश.

आणखी एक मोह होतो. संस्कृत 'चर्' म्हणजे फिरणे. तेव्हा 'चर्' आणि 'कुरेरे' हे भाऊ असतील का? भाषाशास्त्रज्ञ नाही म्हणतात. एका भाषेतला ध्वनी दुसऱ्या भाषेत कोणत्या नियमाने बदलतो, हे शेकडो शब्दांवरून पडताळून पाहिल्यावर 'चर्'चा लॅटिनमधला भाऊ 'कोलेरे' हा ठरतो. त्याचा अर्थ वस्ती करणे, कसणे. त्यापासून 'कल्चर' आणि 'कॉलनी' हे शब्द आले. म्हणजे शब्दांच्या बाबतीतही नियम आधी आणि नाते नंतर. हे शास्त्र प्रयोगशाळेतल्या शास्त्राइतकेच शिस्तीचे आहे.

पाण्याचा शब्द विजेला कसा मिळाला?

१७२९ साली इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे याने एक नवल दाखवले. घासून विद्युत्भारित केलेल्या काचेच्या नळीला लांबलचक दोरा जोडला, तर विजेचा गुण त्या दोऱ्यावरून दूरच्या टोकापर्यंत पोहोचतो. जी गोष्ट एका जागेहून दुसऱ्या जागी वाहत जाते, ती एखाद्या अदृश्य द्रवासारखी असली पाहिजे, असे तेव्हाच्या शास्त्रज्ञांना वाटले तर नवल नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँकलिन याने याच कल्पनेवर आपली उपपत्ती उभारली. ज्या वस्तूत हा द्रव जास्त ती धन आणि ज्या वस्तूत कमी ती ऋण. द्रव म्हटला की तो धनाकडून ऋणाकडे वाहणारच! पाण्यासाठी वापरला जाणारा 'करंट' शब्द विजेसाठी वापरात आला तो याच सुमारास.

१८०० साली व्होल्टाने आपली विद्युत्घटमाला तयार केली आणि क्षणभर चमकून नाहीशी होणारी वीज सतत वाहती ठेवता येऊ लागली. १८२० साली ऑर्स्टेडला आढळले की तारेतून वीज वाहू लागली की जवळची होकायंत्राची सुई हलते. ती बातमी ऐकून फ्रान्समधल्या आंद्रे मारी अँपिअरने (१७७५–१८३६) झपाट्याने प्रयोग केले. त्याने दोन गोष्टी एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या केल्या. एक विजेचा 'ताण' आणि दुसरी विजेचा 'प्रवाह'. हा भेद लक्षात ठेवा. माझ्या स्टुलावरच्या फजितीचे उत्तर त्यातच आहे. सूत्रांमध्ये विद्युतधारेसाठी इंग्रजी 'आय' हे अक्षर का वापरतात, हा प्रश्न तुम्हांला पडला असेल. प्रवाहाच्या 'तीव्रते'साठी जो फ्रेंच शब्द आहे, त्याचे ते आद्याक्षर.

मराठीत शास्त्रीय परिभाषा घडली तेव्हा या शब्दाला दोन प्रतिशब्द मिळाले. 'विद्युत्प्रवाह' आणि 'विद्युतधारा'. 'प्रवाह'मध्ये 'वह्' धातू आहे. म्हणजे वाहणे, वाहून नेणे. त्याचा लॅटिनमधला सख्खा भाऊ 'वेहेरे' आणि त्याची मुले 'व्हेईकल' आणि भौतिकीतला 'व्हेक्टर'. विजेची तार 'वाहक' आणि बसमध्ये तिकीट देतो तोही 'वाहक', हा योगायोग इंग्रजीतही आहे, कारण तिथे दोघेही कंडक्टर. 'धारा' शब्दाचा संबंध मोनिअर-विल्यम्स यांच्या संस्कृत–इंग्रजी कोशात 'धाव्' या धातूशी जोडलेला आहे. तो मान्य केला तर 'करंट' आणि 'धारा' या दोन्ही शब्दांच्या मुळाशी धावणेच आहे.

मुंबईकरांना तर पाण्याच्या करंटपासून विजेचा करंट प्रत्यक्ष मिळाला. लोणावळ्याच्या परिसरातल्या तलावांचे पाणी घाटाखाली पाचशे मीटरहून अधिक खोल सोडून टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि गिरणगावातली यंत्रे त्या विजेवर फिरू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची पहिली आगगाडी धावली. १९२८ साली आपल्या पश्चिम मार्गावरही बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या आल्या.

धावतो की रांगतो?

आता खरी गंमत. ज्याचे नावच 'धावणारा', तो तारेत किती वेगाने धावतो?

१८९७ साली जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. पुढे कळले की धातूच्या तारेत वाहतात ते हे ऋण इलेक्ट्रॉन. म्हणजे फ्रँकलिनने धन-ऋण ठरवताना जी दिशा मानली, तिच्या नेमकी उलट दिशा! पण तोवर सगळी पुस्तके लिहून झाली होती, म्हणून धारेची दिशा आपण आजही जुन्याच संकेताने दाखवतो.

वेगाचा हिशेब अवघड नाही. घरातल्या दिव्या-पंख्यांना बहुधा दीड चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार असते. अशा एक मीटर तारेतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा एकूण भार सुमारे २०,००० कूलोम भरतो. ७५ वॅटचा पंखा २३० व्होल्टवर सुमारे एक-तृतीयांश अँपिअर, म्हणजे दर सेकंदाला एक-तृतीयांश कूलोम, घेतो. तेव्हा एक मीटर तारेतले इलेक्ट्रॉन पुढे सरकायला सुमारे ६०,००० सेकंद लागतील. म्हणजे जवळजवळ सतरा तास! बटणापासून पंख्यापर्यंत पाच मीटर तार असेल आणि धारा एकाच दिशेने वाहत असेल, तर बटणाजवळचा इलेक्ट्रॉन पंख्यापाशी पोहोचायला साडेतीन दिवस घेईल. गोगलगायही त्याच्यापुढे हरणासारखी वाटेल.

मग पंखा लगेच कसा फिरतो? कारण तार आधीपासूनच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते. पाण्याने भरलेल्या नळाची तोटी उघडताच तोंडाशी असलेले पाणी पडते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी येण्याची वाट पाहावी लागत नाही. तारेतून प्रचंड वेगाने धावतो तो 'चला' असा निरोप, म्हणजे विद्युत् क्षेत्रातला बदल. इलेक्ट्रॉन स्वतः रांगतात.

घरातली वीज तर प्रत्यावर्ती. ती सेकंदाला पन्नास आवर्तने, म्हणजे शंभर वेळा दिशाबदल करते. चारकोपच्या मुलांना हे समजावून सांगायला खाडीसारखे साधन नाही. तिवरांच्या कडेने उभे राहून पाहा. भरतीला पाणी आत येते, ओहोटीला बाहेर जाते. सव्वासहा तासांच्या आसपास त्याची ओढ उलटते. साधारण साडेबारा तासांत एक आवर्तन पुरे होते. खाडी ही निसर्गाची फार सावकाश प्रत्यावर्ती धाराच! तारेतला इलेक्ट्रॉनही असाच आत-बाहेर करत जागच्या जागी हेलकावतो. आपल्या पंख्याच्या तारेत त्या हेलकाव्याची लांबी केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी भरते. म्हणजे वीजघरातला इलेक्ट्रॉन आपल्या घरी कधीच येत नाही. येते ती ऊर्जा.

आजची एक अँपिअरची व्याख्याही इलेक्ट्रॉनावरच उभी आहे. २० मे २०१९ पासून इलेक्ट्रॉनाच्या भाराचे मूल्य कायमचे निश्चित करण्यात आले आणि त्यावरून अँपिअर ठरला. तारेच्या छेदातून सेकंदाला ६२४ वर सोळा शून्ये इतके इलेक्ट्रॉन गेले की एक अँपिअर.

बटण बंद, तरी हिसका

आता स्वयंपाकघरात परत येऊ. दिव्याला दोन तारा जातात. एक फेज, दुसरी न्यूट्रल. फेजवर जमिनीच्या तुलनेने २३० व्होल्टचा दाब असतो, न्यूट्रलवर जवळजवळ शून्य. बटण फेजच्या तारेत बसवायचे असते. ते बंद केले की दाब बटणापाशीच अडतो. आमच्याकडे ते न्यूट्रलच्या तारेत बसवले होते. ते बंद केल्यावर वाट तुटली, दिवा विझला, धारा शून्य झाली. 'तारेत करंट नाही' हे माझे म्हणणे अक्षरशः खरे होते! पण होल्डरपर्यंत पूर्ण दाब येऊन थांबला होता. तो वाट शोधत होता आणि ती वाट माझ्या बोटाने दिली.

गच्चीवरच्या टाकीचाच दाखला घ्या. टाकीजवळची चावी बंद केली, तर खाली येणाऱ्या नळात जोर राहत नाही. पण वरची चावी उघडी ठेवून फक्त खालची तोटी बंद केली, तर पाणी वाहत नाही हे खरे, पण सबंध नळ दाबाने भरलेला असतो. कुठेही भोक पाडा, कारंजे उडेल. प्रवाह नसणे आणि दाब नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँपिअरने १८२० साली जो भेद केला, तो हाच. आपण मात्र बोलताना दोन्हींना सरसकट 'करंट' म्हणतो.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. ओल्या अंगाचा विद्युत् रोध एक हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून ०.२३ अँपिअर धारा जाईल. १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली तार सोडवत नाही. १०० मिलिअँपिअरच्या आसपास हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. नऊ वॅटचा साधा एलईडी दिवा सुमारे ४० मिलिअँपिअर घेतो. म्हणजे जेवढ्या धारेत एक छोटा दिवा लागतो, तेवढीही माणसाच्या जिवावर उठू शकते.

हाच शब्द नीट समजला तर तो वाचवतोही. धारा म्हणजे प्रवाह. प्रवाह वाटेत नाहीसा होत नाही. फेजमधून जेवढा गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. परत आलेला कमी भरला, तर उरलेला कुठेतरी, कदाचित एखाद्या माणसातून, जमिनीत झिरपतो आहे. घराच्या मीटरजवळ बसवायचे आरसीसीबी नावाचे उपकरण हाच जमाखर्च सतत तपासते आणि ३० मिलिअँपिअरची तफावत दिसताच सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. आमच्या त्या घरात ते नव्हते. आता आहे.

म्हणून वर्गात मी 'तारेत करंट आहे' असे म्हणत नाही. 'तारेवर दाब आहे, वाट मिळाली तर धारा वाहील' असे म्हणतो. वाक्य लांबते खरे, पण मुले बोट घालण्याआधी विचार करतात.

करून पाहा

१. घरातला दिवा बदलताना नुसत्या बटणावर विसंबू नका. मोठ्या माणसांना सांगून मेन स्विच बंद करा. बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, हे जाणकार वायरमनकडूनच तपासून घ्या. टेस्टर तुम्ही स्वतः लावू नका.

२. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातला विजेचा खांब, पत्र्याची पेटी, लोंबती तार यांच्या जवळ जाऊ नका. दिवे बंद आहेत म्हणजे दाब नाही, असे नव्हे.

३. घरातल्या प्रत्येक उपकरणावर वॅट लिहिलेले असतात. त्यांना २३० ने भागा आणि प्रत्येकाच्या धारेचा अंदाज वहीत मांडा. (मोटर असलेल्या उपकरणात खरी धारा थोडी जास्त भरते. का, ते शिक्षकांना विचारा.)

४. 'सर्किट', 'फ्यूज', 'बॅटरी', 'मीटर' या शब्दांची कुळे कोशात शोधा. यांपैकी एक शब्द तोफखान्यातून आला आहे. कोणता ते ओळखा.